ठीक आढळला नाही

कर्वेनगरातल्या कुसुमताई आगाशे यांच्याशी वाद घालायचा असेल तर आधी पोटभर जेवून यावं, असं त्यांचे यजमान दिगंबरराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "मी एक्केचाळीस वर्षं उपाशी आहे," असंही वर जोडत. कुसुमताई त्यावर चहाचा कप जरा जोरात ठेवत.

कुसुमताईंची बत्तीस वर्षं टेलिफोनच्या तक्रार खात्यात गेली. फोन बंद पडला की लोक ज्या नंबरावर करवादून फोन करायचे, त्या नंबराच्या पलीकडे त्या बसलेल्या असायच्या. प्रत्येक तक्रारीचा एक कागद व्हायचा. त्याला डॉकेट म्हणत. वर तक्रार, खाली तपासणी, त्याखाली 'दोषाचे कारण' आणि सगळ्यात शेवटी तक्रार बंद केल्याची सही. एखादा लाइनमन उन्हाचा कंटाळा करून जागेवर जायचाच नाही आणि कारणाच्या रकान्यात दोनच शब्द खरडून कागद परत पाठवायचा: 'ठीक आढळला'. बाकीच्या बायका सही करून मोकळ्या व्हायच्या. कुसुमताई स्वतः त्या माणसाला फोन लावायच्या. घंटा वाजत नाही असं दिसलं की डॉकेट उलट टपाली लाइनमनच्या टेबलावर जायचं, लाल शाईत तिसरा शब्द जोडून: 'नाही'. त्यामुळे खात्यात त्यांचे मित्र कमी होते. पण त्यांच्या भागातले फोन वाजायचे.

अशी बाई निवृत्त झाली तरी गप्प बसणार थोडीच. सहा-सात वर्षं त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा आणि लिफ्टचा पिच्छा पुरवला. मग एकदा कसबा पेठेतल्या माहेरी भावाने कपाट आवरताना जुने कागद काढले. ते मोडी लिपीत होते. घरात कुणालाच वाचता येईनात. भाऊ म्हणाला, देऊन टाकू कुणाला तरी. कुसुमताई म्हणाल्या, "आपल्याच घरचा कागद आणि आपल्यालाच वाचता येत नाही, हे मला खपणार नाही." त्यांनी मोडी वाचनाच्या ऑनलाइन वर्गात नाव घातलं. वय सदुसष्ट.

मोडी म्हणजे आधी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचं. शब्द कुठे संपला याचा पत्ता नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही आणि लिहिणाऱ्याला हात उचलायचा कंटाळा. कुसुमताईंना ती लिपी पहिल्या महिन्यात शत्रूसारखी वाटली आणि सहाव्या महिन्यात तिच्यावाचून करमेना. वर्गाच्या संकेतस्थळावर जुन्या कागदांचे मोठमोठे फोटो असत. ते उघडायचे, अक्षर हातभर मोठं करायचं, नाकावर चष्मा सारायचा आणि शेजारच्या वहीत देवनागरीत उतरवायचं. बैठकीच्या खोलीत, भिंतीवरच्या देवघराखाली कंप्यूटरचं टेबल होतं. पडदा वर, आणि खाली फळीवर सीपीयूचा काळा डबा. सकाळची कामं आटोपली की त्या तिथे बसत, आणि मग घरात कुकरच्या शिट्ट्याही दिगंबररावांनाच मोजाव्या लागत.

गेल्या वर्षीच्या परीक्षेने मात्र घात केला. परीक्षा घरूनच, कंप्यूटरवर, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. तीन जुने कागद वाचायचे, नव्वद मिनिटं. संपर्क दोनदा तुटला तर चालेल, तिसऱ्यांदा तुटला की परीक्षा रद्द, असा नियम. पस्तिसाव्या मिनिटाला पडदा थिजला. माउसचा बाण हलेना, बटणं ऐकेनात. बंद करून चालू केला. आठ मिनिटांत पुन्हा तेच. पुन्हा चालू केला. तिसऱ्यांदा थिजला तेव्हा दुसरा कागद अजून अर्धाच झाला होता. दुसऱ्या दिवशी पत्र आलं: 'आपली उत्तरपत्रिका जमा झालेली नाही.'

त्या आठवड्यात कुसुमताई रडल्या. मोरीत नळ सोडून रडल्या. हे त्या कुणाला सांगत नाहीत, म्हणून इथे सांगून ठेवलं पाहिजे.

पण रडू आलं ते परीक्षेपायी नव्हे. मुलगा सलिल बालेवाडीहून आला, बूट न काढता दारातूनच म्हणाला, "आई, तू काहीतरी दाबलं असशील." दिगंबररावांनी मान हलवली. "दाबलंच असणार." चौकातल्या दुकानात कंप्यूटर तपासायला दिला, तर दुरुस्तीवाला शंभू चार दिवसांनी तो परत आणून देताना म्हणाला, "चेक केला काकू, ओके हाये. चुकून काहीतरी दाबल्या गेलं असन." म्हणजे सगळ्यांनी मिळून वाटाण्याच्या अक्षता लावल्या. बत्तीस वर्षं गावाचे दोष शोधणारी बाई स्वतःच्या घरात 'काहीतरी दाबणारी' झाली. तिचं काय दाबलं गेलं, हे कुणी विचारलं नाही.

त्यानंतर वर्षभर कंप्यूटर असाच अधूनमधून थिजत राहिला. पुन्हा एकदा शंभूकडे जाऊन आला. पुन्हा ओके. घरच्यांनी त्याला स्वभाव समजून सोडून दिलं. कुसुमताईही अर्धा तास वाचायच्या, थिजला की उठून भाजी निवडायच्या आणि परत येऊन बसायच्या. आणि मग यंदाच्या परीक्षेची तारीख आली. रविवार, सकाळी अकरा. हातात तीन आठवडे. पत्राच्या तळाशी एक ओळ होती: नोंदणीनुसार दोनच संधी मिळतात. ही दुसरी. गेली, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्या धड्यापासून.

पत्र आलं त्याच दिवशी, रविवारी, सलिल जेवायला आला होता. तो म्हणाला, "आई, दहा वर्षं जुनी मशीन आहे. लेट इट गो. मी तुला मस्त टॅब घेतो."

"परीक्षा टॅबवर देता येत नाही. लिहिलंय त्यात."

"मग नवा लॅपटॉप घेऊ. माझा देता आला असता, पण ऑफिसचा आहे, त्यावर ते कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर टाकू देत नाहीत."

"नवा घ्यायला माझी ना नाही," कुसुमताई म्हणाल्या. "पण याला काय झालं ते कळल्याशिवाय नाही. नाहीतर नवाही याच टेबलावर येणार, तोही असाच थिजणार आणि तोही मीच बिघडवला म्हणणार तुम्ही."

"अगं, पण टेन्शन कशाला घ्यायचं या वयात? सर्टिफिकेट घेऊन कुठे नोकरी करायची आहे?"

कुसुमताईंनी त्याच्या पानात आमटी वाढायला घेतलेली पळी तशीच भांड्यात परत ठेवली. "सलिल, तू पाचवीत असताना सायकलवरून पडून यायचास तेव्हा मी तुला विचारलं होतं का, कुठल्या शर्यतीत उतरायचंय म्हणून?"

सलिलने आमटी स्वतःच वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी कुसुमताईंनी एक जुनी वही काढली, पट्टीने रेघा आखल्या आणि पहिल्या पानावर लिहिलं: 'डॉकेट क्रमांक १. तक्रारदार: कु. दि. आगाशे. तक्रार: इंटरनेट बघताना कंप्यूटर थिजतो.' खाली रकाने. वेळ. काय उघडं होतं. किती मिनिटांनी थिजला. बाण हलतो का. दिगंबरराव चष्म्यावरून बघत होते.

"लाइनमन कोण?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"मग आता याला कुणी वाली नाही," ते म्हणाले आणि शब्दकोड्यात डोकं घातलं.

तक्रार खात्यात पहिला प्रश्न एकच असायचा: दोष घराच्या आत की घराच्या बाहेर? मधेच वायर सोडवायची आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासायच्या. कुसुमताईंनी तेच केलं. एक मोठा मोडी कागद उघडला, पूर्ण दिसू दिला आणि मग इंटरनेटची वायर उपटून टाकली. कागद वरखाली करत, अक्षरं मोठी-लहान करत वाचत बसल्या. एकतिसाव्या मिनिटाला पडदा थिजला. बाण मेला. वायर तर हातात होती. म्हणजे बाहेरची लाइन निर्दोष. वहीत तशी नोंद झाली. इंटरनेटवाल्याला वर्षभर घातलेल्या शिव्या त्यांनी मनातल्या मनात मागे घेतल्या.

मग आतला तपास. आधी ब्राउझर. एका वेळी पंधरा पानं उघडी ठेवायची त्यांना सवय होती. ती मोडून एकच पान ठेवलं. फरक नाही. ब्राउझरला चिकटलेल्या तीन जोडण्या, म्हणजे एक्स्टेन्शन, सापडल्या. त्यातली एक साड्यांवर सूट शोधून द्यायची आणि ती कुणी बसवली हे घरात कुणीच कबूल करेना. तिन्ही काढल्या. पानं जरा चटकन उघडायला लागली, पण अर्ध्या तासाने थिजणं होतंच. साठलेला जुना कचरा पुसला. फरक नाही. दुसरा ब्राउझर घेऊन पाहिला. तोही थिजला. म्हणजे ब्राउझरही सुटला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन नाही, हा त्यांचा दंडक. दोन बदलल्या आणि दोष गेला तर कुणामुळे गेला हे कळत नाही, आणि जो न कळता जातो तो न सांगता परत येतो.

नंतर मेमरी. कोणता प्रोग्रॅम किती खातो हे दाखवणारी खिडकी त्यांनी उघडून ठेवली. मेमरी निम्मीही भरत नव्हती. मोठे फोटो वरखाली केले की प्रोसेसरचा आलेख तेवढा उंच चढायचा. आणि गंमत अशी, की त्याच कंप्यूटरवर सोसायटीला लिफ्टबद्दल चार पानी पत्र दोन तास टाइप केलं, तर तो एकदाही थिजला नाही. दिगंबरराव म्हणाले, "त्यालाही लिफ्टची काळजी आहे."

अडीच आठवड्यांत वहीची सहा पानं भरली. कुसुमताई ती पुढे-मागे चाळायच्या. सकाळी पहिल्यांदा बसलं की तीस-पस्तीस मिनिटं. थिजल्यावर लगेच चालू केला तर आठ-दहा. दुपारी दोन तास बंद ठेवून मग लावला तर पुन्हा तीस. संकेतस्थळ कुठलंही असो, बटण कुठलंही असो. एका रकान्यात त्यांनी 'शेवटचे काय दाबले' असंही मुद्दाम लिहून ठेवलं होतं, आणि तिथे दोन नोंदी एकसारख्या नव्हत्या. तो रकाना बघून त्यांना फार बरं वाटलं. पण कारणाचा रकाना कोराच होता, आणि परीक्षेला तीन दिवस उरले होते.

त्यांनी पदर खोचला आणि वही घेऊन शंभूचं दुकान गाठलं. शंभू यवतमाळकडचा, चाळिशीचा, मनाने वाईट नव्हे. दुकानात उघडे लॅपटॉप पोटं फाडल्यासारखे पडलेले होते.

"काकू, मी सोता पाहला तो," तो बघताक्षणीच म्हणाला. "दोन्ही टाइमाले. काहीच नाही त्याच्यात."

"किती वेळ चालवून पाहिलात?"

"हे पाच-दहा मिनटं."

"दहा मिनिटांत तो माझ्याकडेही थिजत नाही. इंटरनेट लावलं होतंत?"

"हाव. एक व्हिडिओबी लावला. मागच्या टाइमाले तं तासभर चालूच रायला होता, मी दुसरं काम करत होतो. एकदम मस्त."

कुसुमताई थबकल्या. तासभर? इथे तासभर चालतो आणि घरी अर्धा तास चालत नाही? त्यांनी चष्मा काढून पुसला. खात्यात त्या असंच करायच्या. मग विचारलं, "इथे ठेवला होता तेव्हा आणि घरी असतो तेव्हा, त्यात फरक काय? नीट आठवून सांगा. कुठे ठेवला होता?"

"हे इथंच, टेबलावर."

"तसाच?"

"तसाच म्हंजे... साइडचा पत्रा काढून. आम्ही उघडाच चालवतो ना काकू."

"उघडा," कुसुमताई म्हणाल्या.

"हाव. वरून फॅन हाये." त्याने छताकडे बोट दाखवलं, आणि बोट वर असतानाच त्याचा चेहरा बदलला. "म्हंजे गरम होत असन का तो?"

"ते तुम्ही मला वर्षापूर्वी सांगायला हवं होतं," कुसुमताई म्हणाल्या. "आत धूळ दिसली नाही?"

"धूळ तं सगळ्याइच्याच सीपीयूत राहते, काकू."

"फोन तर सगळ्यांचेच बंद पडायचे. म्हणून आम्ही ठीक आढळला म्हणत नव्हतो."

शंभू ओशाळला. मी येऊन साफ करून देतो म्हणाला. कुसुमताईंनी फक्त कसं उघडायचं तेवढं विचारून घेतलं. आधी वायर काढ, पाच मिनिटं थांब, पंख्याचं पातं धरून ठेव आणि मगच ब्रश फिरव. सगळं वहीत लिहून त्या तडक घरी आल्या.

घरी आल्यावर त्यांनी जमिनीवर जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि सीपीयू फळीवरून ओढून काढला. म्हणजे काढणार होत्या. त्याच्या डोक्यावर पितळेचं उदबत्तीचं घर होतं. शेजारी काडेपेटी, एक वाळलेलं झेंडूचं फूल आणि कुंकवाचा पुसट डाग. कुसुमताई तशाच उकिडव्या बसून राहिल्या. हे सगळं त्यांना रोज दिसत होतं. देवघर भिंतीवर बसवलं तेव्हा उदबत्तीला खाली जागा उरली नाही. दिगंबररावांनी ते घर सीपीयूवर आणून ठेवलं होतं. सपाट आहे, सोयीचं आहे. दीड वर्ष झालं. त्या सपाट डोक्यावर हवेसाठी जाळी आहे, हे बघायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांनाही नाही.

"अहो," त्यांनी हाक मारली. "जरा इकडे या. आणि स्क्रूड्रायव्हर आणा."

बाजूचा पत्रा निघाला. आतला पंखा ओळखू येत नव्हता. काळपट, चिकट लोकर त्याच्या पात्यांना लागली होती. कुसुमताईंनी आकाशकंदिलाला खळ लावायचा जुना ब्रश घेतला, पेन्सिलीने पातं अडवून धरलं आणि हलक्या हाताने खरवडायला सुरुवात केली. राख निघाली. चंदनाचा वास आला. पंख्याखालच्या पत्र्याच्या फटी मोकळ्या करायला लागल्यावर ब्रशाखाली काहीतरी टणक लागलं. त्यांनी भिवयांचे केस उपटायचा चिमटा आणला. पहिला दाणा निघाला. तांदळाचा, कुंकू लागलेला. मग दुसरा. मग झेंडूच्या पाकळीचा चुरा. मग आणखी दाणे. त्यांनी ते एका वाटीत जमवले आणि वाटी दिगंबररावांच्या पुढे धरली.

"ओळखता का?"

दिगंबररावांनी वाटीत पाहिलं. दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा ते करत. मिक्सर, शिवणयंत्र, स्कूटर आणि कंप्यूटर. मूळचे मराठीचे शिक्षक, त्यामुळे मंत्र खणखणीत, आणि अक्षता टाकायचा हातही सढळ. स्कूटरवर टाकलेल्या अक्षता वाऱ्याने उडून जात. सीपीयूवरच्या कुठे जातात, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

"अगं, मग यंत्राची पूजा करायचीच नाही का?" ते म्हणाले.

"करा की. त्याच्या टाळूवर उदबत्ती लावून करू नका. वर्षभर मी काहीतरी दाबलं म्हणत होतात ना? हे तुम्ही टाकलंत."

"म्हणजे देवाचा प्रसाद यंत्राला बाधला म्हण."

"तुमचा प्रसाद बाधला म्हणते. देवाला यात ओढू नका, तो तुमच्यासारखा वर जाळी न बघता टाकत नाही."

दिगंबरराव उठले, उदबत्तीचं घर उचललं आणि इकडे-तिकडे बघत शेवटी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आले.

पत्रा परत बसला. कुसुमताईंनी सीपीयू फळीवर परत न ठेवता मोकळ्या हवेत, स्टुलावर ठेवला. शुक्रवारी सकाळी सराव. मोबाइलवर नव्वद मिनिटांचा गजर लावला, सगळ्यात मोठे फोटो उघडले आणि वाचायला बसल्या. तिसावं मिनिट गेलं. पस्तिसावं गेलं. पन्नासाव्याला त्यांचा चष्मा घामाने घसरला, कंप्यूटर मात्र गार होता. गजर वाजला तेव्हा बाण पडद्यावर हवा तिकडे पळत होता. त्यांनी तो उगाचच दोन-तीनदा गोल फिरवला. मग सलिलला फोन केला आणि वाटीतले दाणे किती होते तेही सांगितलं.

"बाबांनी?" सलिल हसत सुटला. मग थांबला. "सॉरी, आई."

"रविवारी फोन करू नकोस. अकरा ते साडेबारा."

रविवारी साडेदहालाच त्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. केस नीट, साडी इस्त्रीची, पाण्याचा तांब्या शेजारी. दिगंबररावांनी दाराच्या घंटेवर कागद चिकटवला: 'घंटा वाजवू नये. वाजवल्यास आत काय चालू आहे ते विचारू नये. आपण शहाणे असल्यास परत जावे.' मग ते चवड्यांवर चालत घरात फिरू लागले.

अकराला कागद उघडला. पहिला सोपा होता, गावच्या पाटलाला लिहिलेलं पत्र. दुसरा दोन भावांच्या विहिरीच्या वाटणीचा. लेखनिकाचा हात घाईचा होता, पण कुसुमताईंनी त्याला ओळीओळीने पकडला. तिसरा एका बाईचा अर्ज होता, आपल्या अंगणातली वाट शेजाऱ्याने बंद केली म्हणून. मूळच्या कागदाला पाणी लागून शाई फुटली होती. निम्मा उतरवून झाला. बावन्न मिनिटं झाली होती. त्यांनी पुढची ओळ बघायला कागद वर सरकवला आणि कागद सरकला नाही.

पडदा थिजला होता. मधोमध एक गोल चक्र फिरत होतं.

कुसुमताईंच्या डोळ्यांसमोर मागच्या वर्षीची सकाळ उभी राहिली. बटणावर बोट गेलंच होतं, बंद करून चालू करायला. ते त्यांनी मागे घेतलं. दोष आत की बाहेर? त्यांनी माउस हलवला. बाण हलला. अगदी लोण्यासारखा हलला. म्हणजे डबा जिवंत होता. त्यांनी हात स्टुलावरच्या सीपीयूला लावला. गार. आत ठीक. मग दोष बाहेर. आणि नेमका त्याच क्षणी त्यांच्या पाठीला वारा लागला.

कॅमेऱ्यासमोरून मान वळवायची परवानगी नव्हती. त्यांनी वळवलीही नाही. समोर बघतच, बत्तीस वर्षं ज्या आवाजात लाइनमनशी बोलल्या त्या आवाजात त्या म्हणाल्या, "अहो. टेबलफॅन कशात लावलात?"

मागून उत्तर आलं, "प्लगमध्ये. म्हटलं, त्याला जरा गार—"

"तिथून आधी काय काढलंत?"

"एक पांढरी वायर होती. तिच्या टोकाच्या डबीचे दिवे उगाच लुकलुकत होते."

"तीच इंटरनेटची डबी. परत लावा. आत्ता."

वारा थांबला. चक्र फिरत राहिलं. कुसुमताई हात मांडीवर घट्ट धरून बसल्या. एक मिनिट, दोन मिनिटं. पडद्यावर आलं: 'संपर्क तुटला होता: १ वेळा. तिसऱ्यांदा तुटल्यास परीक्षा रद्द.' आणि खाली त्या बाईचा अर्ज जसाच्या तसा उघडा, पुढच्या ओळीची वाट बघत. कुसुमताईंनी फुटलेल्या शाईतलं पहिलं अक्षर शोधलं आणि पुढे लिहायला लागल्या. दिगंबरराव उरलेला वेळ स्वयंपाकघरात जाऊन बसले, कशालाही हात न लावता.

साडेबाराला सहा मिनिटं असताना त्यांनी शेवटचं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. मग चार शब्द उमटले: 'आपली उत्तरपत्रिका जमा झाली.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मोडी नव्हतं, तरी दोनदा. डोळे भरून आले. या वेळी नळ सोडला नाही. दिगंबरराव दारात येऊन उभे होते. त्यांनी ते पाहिलं आणि दाराच्या घंटेवरचा कागद काढून आणला.

निकालाला महिना होता. पण डॉकेट तेवढं थांबणारं नव्हतं. कुसुमताईंनी वही काढली, 'दोषाचे कारण' या कोऱ्या रकान्यात आधी लांबच लांब रेघ ओढली आणि तिला एकेक अक्षर लटकवत, हात न उचलता, दोन ओळी भरून मोडी लिहिली. मग वही फिरवून दिगंबररावांपुढे सरकवली आणि पेन दिलं.

"सही करा. घरच्या माणसाची सही असल्याशिवाय तक्रार बंद होत नाही."

दिगंबररावांनी वही जवळ घेतली, लांब धरली, चष्मा वर केला, खाली केला. पस्तीस वर्षं मराठी शिकवलेला माणूस त्या दोन ओळींत एक अक्षर ओळखू शकला नाही. पण 'अक्षता' असावं असं एक लांबट काहीतरी त्यांना दिसल्यासारखं वाटलं.

"काय लिहिलंयस यात?"

"तुम्हीच बघा की."

"वाचता येत असतं तर विचारलं असतं का? कशावर सही करतोय ते कळायला नको?"

"काही नाही हो," कुसुमताई म्हणाल्या आणि आमटी गरम करायला उठल्या. "माझ्या हातून काहीतरी दाबलं गेलं असेल."